मेल्यावर मोठा झाला का ब्रॅडली नोवेल?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या श्रवणसत्रात सब्लाइम या अमेरिकन बँडचं, म्हणजे ब्रॅडली नोवेलने गायलेलं गाणं लावलं की नंतर चहाच्या वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "हा गायक अकाली गेला, म्हणूनच समीक्षकांनी डोक्यावर घेतला ना हो?" हातात कप असताना या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही. एकदा सावकाश सांगते.

आधी तारखा बघा. ब्रॅडली नोवेल गेला 25 मे 1996 ला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोटेलमध्ये, हेरॉइनने. वय 28. लग्नाला जेमतेम आठवडा झालेला, मुलगा अकरा महिन्यांचा. बँडच्याच नावाचा तो गाजलेला अल्बम बाजारात आला 30 जुलैला. दुसऱ्याच नावाने यायचा होता, नोवेल गेल्यावर नाव बदललं. मुखपृष्ठावर त्याचीच उघडी पाठ आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत गोंदलेलं 'सब्लाइम'. हे पाकीट हातात घेऊन कुठला समीक्षक ती बातमी विसरून ऐकू शकला असता? परीक्षणात शोकसभेचा सूर उतरणारच. तेवढं तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण गाणी तर तो जिवंत असतानाच झाली होती. मी सहा वर्षं लाँग बीचला राहिले. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं हे बंदराचं शहर. नोवेल, एरिक विल्सन आणि बड गॉ या तिघांनी 1988 मध्ये बँड सुरू केला तो तिथेच. घरांच्या मागच्या अंगणातल्या पार्ट्यांत वाजवायचे, गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकायचे. 1992 चा पहिला अल्बम त्यांनी मित्राच्या साथीने, स्वतःच्याच स्कंक रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीतर्फे काढला. तेव्हा मोठ्या मासिकांनी त्यांच्याकडे फारसं बघितलंही नाही. 'डेट रेप' हे गाणं लॉस एंजेलिसच्या केआरओक्यू रेडिओवर वाजायला लागलं तेव्हा ते चांगलं जुनं झालं होतं. म्हणजे ऐकणारे आधी आले, लिहिणारे मागून.

याच 'डेट रेप'बद्दल एक सांगून टाकते. या गाण्यावरचा आक्षेप मला पूर्ण पटतो. बलात्कार करणाऱ्याला तुरुंगात तेच भोगायला लागतं आणि ऐकणाऱ्याने त्यावर हसायचं, असा त्याचा शेवट आहे. मी ते सत्रात लावत नाही. 'राँग वे'मधल्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट ऐकतानाही माझा जीव कसनुसा होतो. या बँडवर माझा जीव आहे म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

दुसरा आक्षेप मात्र मी मानत नाही. 'गोऱ्या पोरांनी जमैकाचं संगीत उचललं, वर रॅप आणि पंक म्हणजे तो धडाडता रॉक कालवला, झाली भेळ.' भेळ कशी? सब्लाइमच्या गाण्यांत असतो तो स्का हा संगीतप्रकार जमैकाचा. पायाने ठेका धरलात तर पाय खाली टेकतो तेव्हा गिटार गप्प, पाय उचलला की तिचा फटका. 1960 च्या दशकाच्या शेवटी हाच ठेका संथ होत होत रेगे झाला. आता हिप-हॉपकडे या, रॅप त्यातलाच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ऑगस्ट 1973 मधल्या ज्या पार्टीपासून त्याचा जन्म धरतात, तिथे रेकॉर्डी लावणारा कूल हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. मोठाले स्पीकर लावायचे आणि वाजत्या रेकॉर्डवर माइक घेऊन बोलायचं, हे त्याने लहानपणी जमैकातच पाहिलेलं. ही भावंडं आहेत हो. नोवेलने त्यांना एका पंगतीला बसवलं.

आणि उचलेगिरीचं म्हणाल, तर जमैकात एकाच रिदमवर, म्हणजे एकाच तयार वाद्यसाथीवर, वेगवेगळे गायक डझनांनी गाणी करतात, तिथे ती रीतच आहे. 'व्हॉट आय गॉट'चा गाभा हाफ पिंट या जमैकन गायकाच्या 'लव्हिंग'मधून आलाय, आणि गीतकारांत त्याचंही नाव आहे. मला यात नवल वाटलं नाही, कारण आजोबांकडच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले मी लहानपणापासून बघत आले. चाल कुठून घेतली हे सांगायचं आणि मग आपलं पद म्हणायचं. परीक्षा पदाची.

त्या परीक्षेला 1992 च्या लॉस एंजेलिस दंगलीवरचं गाणं बसवून बघा. शीर्षकात तारीख 29 एप्रिल आहे आणि नोवेल गातो 26. तो टेक त्यांनी तसाच राहू दिला. मागे पोलिसांच्या वायरलेसवरचे आवाज खरखरत असतात, आणि तो लुटीत स्वतः हात मारणाऱ्याच्या तोंडून गातो, आवाज न चढवता. पंक बँडने इथे आरडाओरडा केला असता. रेगेच्या संथ चालीमुळे अंगावर काटा येतो. मिश्रण कशासाठी, याचं उत्तर मला तरी या एका गाण्यात मिळतं.

शेवटचं गाणं 'डूइंग टाइम'. त्याची चाल गर्शविन या अमेरिकन संगीतकाराच्या 'समरटाइम'ची. ती वापरायचा हक्क मिळवताना अट पडली की 'डूइंग टाइम'ऐवजी 'समरटाइम' हाच शब्द गायचा. नोवेलने तर आपला शब्द गाऊन ठेवला होता, आणि पुन्हा गायला तो उरला नाही. मग स्कंक रेकॉर्ड्सवाल्या मित्राने, मायकेल हॅपोल्टने, तेवढा एक शब्द म्हटला. मला हे लाँग बीचला गाडीत एका सहकाऱ्याने दाखवलं. सिग्नलला थांबलो होतो. त्याने आवाज वाढवला आणि म्हणाला, आता ऐक. एक शब्द मित्राचा, पुढची ओळ गेलेल्याची. तोवर मी हे गाणं शंभरदा तरी ऐकलं असेल आणि तो सांधा मला कधी जाणवला नव्हता. पुढच्या सत्रात हेच लावते. त्या शब्दापाशी मी हात वर करीन.