सीईवर रोपिव्हाकेनची कायरल शुद्धता : माझा अनुभव

रोपिव्हाकेनच्या रेणूची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपे (एनँशिओमर) असतात, एस आणि आर. हे स्थानिक भुलीचे औषध केवळ एस-एनँशिओमर म्हणून दिले जाते. त्यातले आर-रूप ही अशुद्धी, आणि ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास नेमकी मोजावी लागते. हे काम मी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर (सीई) करतो, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) व्होल्टेज लावून पदार्थ वेगळे करतो. सीईचे निकाल जुळत नाहीत, ही तक्रार एचपीएलसीवाल्यांकडून (दाबाने द्रव स्तंभातून ढकलून पदार्थ वेगळे करणाऱ्यांकडून) नेहमी ऐकू येते. माझ्या मते दोष बहुतेक वेळा कॅपिलरीच्या आणि बफरच्या (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणाच्या) निगेत असतो.

बफर फॉस्फरिक आम्लाचे, पीएच ३.०. पीएच ट्रायइथॅनॉलअमाइनने जुळवायचा, सोडियम हायड्रॉक्साइडने नाही. सोडियम आयन चपळ, त्यामुळे करंट वाढतो आणि कॅपिलरी तापते. शिवाय बफरच्या आणि औषधाच्या आयनांच्या वेगात फार तफावत असली की पीक (आलेखातला उंचवटा) त्रिकोणी होतो. मग मुख्य पीकच्या शेपटीखाली आर-रूप सहज लपते.

या बफरच्या ५० मिलिमध्ये डायमिथाइल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (एस आणि आर रूपांना वेगळे करणारी वलयाकार शर्करा) ०.६७ ग्रॅम, म्हणजे साधारण १० मिलिमोलार. विरघळायला वेळ लागला तरी गरम करू नका. मिथाइल लावलेली सायक्लोडेक्स्ट्रिने तापवल्यावर उलट खाली बसतात. ०.४५ मायक्रॉनमधून गाळून हवा काढायची. बुडबुडा राहिला तर रन (एक मोजणी) चालू असतानाच करंट शून्यावर येतो.

कॅपिलरी ५० मायक्रॉन आतल्या व्यासाची. टोके सिरॅमिक कटरने सरळ कापून भिंगाखाली पाहावीत. तिरकस टोकाने इंजेक्शन बदलते. डिटेक्शनच्या खिडकीवरचे (जिथे पदार्थ मोजला जातो) पॉलिइमाइडचे आवरण काढल्यावर तो भाग काचेच्या केसासारखा मोडतो, तिथे बोट लावू नका. नव्या कॅपिलरीला १ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिनिटे, मग पाणी, मग बफर.

दोन रनच्या मध्ये ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी आणि बफर. खरी गोम इथे आहे. अल्कलीनंतर सिलिकाची भिंत पीएच ३ ला सावकाश स्थिरावते. बफरचा फ्लश (धुणे) आखडला की मायग्रेशन टाइम (पदार्थ खिडकीपर्यंत पोचायचा वेळ) रनागणिक सरकत जातो. म्हणून मी बफरला किमान चार मिनिटे देतो. फ्लशची व्हायल (छोटी बाटली) वेगळी, रनची वेगळी. रनच्या दोन्ही व्हायलमध्ये बफरची पातळी सारखी हवी, नाहीतर सायफनने द्रव वाहू लागतो. इलेक्ट्रोलिसिसमुळे अ‍ॅनोडकडचे बफर आम्लधर्मी, कॅथोडकडचे अल्कधर्मी होत जाते. दर पाच-सहा रननंतर जोडी बदलावी.

व्होल्टेज ठरवण्याआधी ५ किलोव्होल्टच्या पायऱ्यांनी करंट नोंदवून आलेख काढा. रेषा जिथे वर वळते, तिथे उष्णता बाहेर पडायला कमी पडते. त्याच्या खाली राहा. तापमान २५ ते ३० अंशांदरम्यान एकच धरा.

नमुना पाण्यात घ्यावा, बफरमध्ये नको. पाण्यातला पट्टा आत शिरताना आखडतो आणि लहान पीक उंच दिसतो. ५० मिलिबारला ५ सेकंदांत फक्त काही नॅनोलिटर आत जातात, त्यामुळे इंजेक्शननंतर टोक पाण्यात बुडवून काढणे टाळू नये. चिकटलेला थेंबही क्षेत्रफळ बिघडवतो.

टक्केवारी काढताना प्रत्येक क्षेत्रफळ आपल्या मायग्रेशन टाइमने भागायचे. हळू जाणारा पदार्थ खिडकीसमोर जास्त वेळ थांबतो आणि उगाच मोठा दिसतो. रोजच्या सिस्टिम सूटेबिलिटीत (यंत्रणा कामायोग्य आहे का या तपासणीत) थोडे आर-रूप घातलेला नमुना ठेवाच. नुसत्या रेसिमिक (दोन्ही रूपे समप्रमाणात असलेल्या) मिश्रणावरचे रेझोल्यूशन (दोन पीक किती सुटे दिसतात ते) फसवे असते, कारण तिथे दोन्ही पीक सारखेच असतात.

काम संपल्यावर पाण्याने भरपूर धुऊन हवेने कोरडी करूनच कॅपिलरी ठेवा. बफर आत वाळले, तर टोके क्षारांनी बंद होतात.