गिझाल्लोचा घाट आणि गुलाबी जर्सीची शर्यत

उत्तर इटलीतलं बेलाजिओ गाव सुटलं की गिझाल्लो घाटाचा रस्ता लगेच उभा चढायला लागतो. कोमो सरोवर खाली राहतं, झाडी दाट होते, आणि पहिले चार-एक किलोमीटर दम खायला जागाच मिळत नाही. काही ठिकाणी चढ १४ टक्क्यांपर्यंत जातो. चिवेन्नापाशी जरा सपाटी लागते, मग शेवटचा टप्पा पुन्हा छातीवर येतो. भाड्याच्या सायकलवर, सगळ्यात हलका गिअर टाकून मी वर पोहोचले, तेव्हा अंगणात सायकली लावून बरेच जण आत दर्शनाला चालले होते.

मादोन्ना देल गिझाल्लोचं, म्हणजे गिझाल्लोच्या मेरीमातेचं, हे चॅपेल (छोटं प्रार्थनाघर) ७५४ मीटर उंचीवर आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी इथल्या मादोन्नाला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. आत जेमतेम काही बाकं मावतात, आणि भिंतींवर छतापर्यंत जर्सी आणि सायकली. कोप्पी, बार्ताली, मर्क्स! ज्या शर्यतपटूंची नावं वाचत मी सायकलच्या नादी लागले, त्यांची यंत्रं हाताच्या अंतरावर. जिरो दितालियाचा, म्हणजे इटलीभर टप्प्याटप्प्यानं होणाऱ्या सायकल शर्यतीचा, इतिहास समजून घ्यायचा तर मिलानपेक्षा इथं यावं, असं माझं ठाम मत आहे.

शर्यत सुरू झाली ती मात्र मिलानमध्ये, आणि तीही वर्तमानपत्रांच्या चढाओढीतून. ‘कोरिएरे देल्ला सेरा’ अशी शर्यत काढणार असल्याची कुणकुण लागताच ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’नं घाईघाईनं आपली जाहीर केली. १३ मे १९०९ ला पहाटे तीनच्या सुमारास १२७ जण निघाले. आठ टप्पे, जवळपास २,४५० किलोमीटर; शेवटपर्यंत ४९ जण टिकले. जिंकला लुइजी गान्ना, पेशानं गवंडी. तेव्हा निकाल गुणांवर लागायचा. वेळ धरली असती तर जोवान्नी रोसिन्योली पहिला आला असता. आघाडीवरच्या स्पर्धकाला मिळणारी गुलाबी जर्सी १९३१ पासूनची, आणि तिचा रंग ‘गाझेत्ता’च्या गुलाबी कागदाचा.

पण मी सर्वात जास्त वेळ थबकले ती अल्फोन्सिना स्त्रादाच्या आठवणीपाशी. १९२४ मध्ये पैशांवरून मोठे संघ शर्यतीबाहेर राहिले, आयोजकांना स्पर्धक हवे होते, आणि ही बाई पुरुषांच्या जिरोत उतरली. कच्चे रस्ते, पाऊस, चिखल. पेरूजाकडे जाणाऱ्या टप्प्यात तिचं हँडल मोडलं, तर तिथं झाडूचा दांडा बसवून ती पुढे निघाली. वेळेची मर्यादा उलटून गेली होती, त्यामुळे निकालातून तिचं नाव गेलं. तरी तिनं सायकल सोडली नाही आणि ती मिलानला पोहोचली. ९० जण निघाले होते, त्यातले साठ वाटेतच गळले होते. तिच्यानंतर एकही बाई या शर्यतीत धावलेली नाही. निकालाच्या तक्त्यात नसलेल्या या नावापुढे मला पाच-पाच वेळा जिंकलेले बिंदा आणि कोप्पीही लहान वाटतात.

सोसणाऱ्याचा मान या घाटावर जागोजागी दिसतो. बाहेरच्या ब्राँझच्या शिल्पात एक सायकलस्वार हात उंचावून उभा आहे आणि दुसरा खाली पडलेला; दोघंही एकाच चौथऱ्यावर. चॅपेलमध्ये फाबिओ कासार्तेल्लीची वाकलेली सायकल आहे. तो इथलाच, कोमोचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला हा मुलगा १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजच्या उतारावर पडून गेला. तिथं उभं असताना शेजारी कुणीच बोलत नव्हतं.

शेजारचं संग्रहालय २००६ मध्ये उघडलं, ते फिओरेन्झो मान्यीच्या पुढाकारानं. १९५६ च्या जिरोत त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. चढावर हँडल ओढायला डाव्या हातात जोर उरला नाही, म्हणून त्यानं हँडलला ट्यूब बांधली आणि तिचं टोक दातांत धरून घाट चढला. बर्फानं गाजलेल्या त्याच जिरोत तो दुसरा आला. पहिला शार्ली गॉल. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब ऐकत वाढलेल्या मला मान्यीचा तो फोटो पाहून पाय हलवावासा वाटेना.

जाणाऱ्यांसाठी: चढायचं असेल तर बेलाजिओच्या बाजूनंच चढा, आणि उन्हाच्या आत निघा. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं, तेव्हा आधी चौकशी करा. मी तिथून आस्सोच्या बाजूनं उतरले. तो उतार सोपा आहे, पण मोटारी बऱ्याच असतात.