शाफ्ट फिरवला तेव्हा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. तारकर्ली-देवबागला पर्यटकांची रीघ लागलेली असते आणि मालवणात होडीच्या मागे लावायच्या मोटरी, म्हणजे आउटबोर्ड, दुरुस्त करणाऱ्या आम्हा मेकॅनिकांना दुपारचं जेवण चार वाजता मिळालं तरी नशीब. अशाच एका सकाळी देवबागचे एक काका टेम्पोत चाळीस घोड्यांची टू-स्ट्रोक मोटर घालून आले. खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "मेस्त्री, तेल परत दुधासारख्या झाला. म्हयन्यात दोनदा सील बदललंय. आता काय करू?"

सीलं, म्हणजे शाफ्टभोवती बसून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्या, दुसरीकडे बदलली होती. काकांनी पंख्यामागचा (प्रोपेलरमागचा) काळा चिकट ओघळ बोटाने दाखवला. "ह्या बघा, अजून गळताहा." मी पांढऱ्या फडक्याने तो पुसला आणि हुंगला. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नव्हता. टू-स्ट्रोकचा धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत पेट्रोलमध्ये मिसळलेलं, अर्धवट जळलेलं टू-टी ऑईल येतं. ओघळ त्याचाच होता. म्हणजे डोळ्यांना दिसणारी गळती ही गळतीच नव्हती.

खरी तक्रार आत, गिअरबॉक्सच्या तेलात होती. मोटर स्टँडवर तासभर उभी ठेवली, मग खालचा स्क्रू सैल केला. आधी चमचाभर पाणी आलं, पाठोपाठ दुधाळ चहाच्या रंगाचं तेल. स्क्रूच्या लोहचुंबकाला काळी मऊ पेस्ट होती, पण बोटाला टोचेल असा एकही कण नव्हता. गिअर वाचलेत हे कळल्यावर माझं मलाच हायसं वाटलं.

पाणी शिरतं कसं, हे काकांना सांगितलं. फेरी मारून आलं की गिअरबॉक्स तापलेला असतो. मोटर बंद झाली की पाण्यात तो थंड होतो, आतली हवा आकसते आणि कुठेही फट असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. ती फट पंख्याच्या शाफ्टच्या सीलापाशी असेल, वॉटर पंपाखालच्या उभ्या शाफ्टच्या सीलापाशी असेल, गिअर टाकायच्या रॉडपाशी असेल, नाहीतर स्क्रूच्या पाच रुपयांच्या वायसरपाशी. एकच सील पुन्हा पुन्हा बदलायचं आणि बाकीच्यांकडे बघायचंही नाही, याचा मला मनापासून राग येतो. पैसे आणि हंगाम मालकाचे जातात.

तेल काढून वरच्या छिद्राला गेजवाला हातपंप लावला, गिअरबॉक्स पाण्याच्या टबात बुडवला आणि दहा पौंड हवा भरली. त्याहून जास्त दाबाने चांगलं सीलही उलटू शकतं. पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही. रॉड वरखाली केला, उभा शाफ्ट फिरवला. काही नाही. काकांचा चेहरा पडला.

मग पंख्याचा शाफ्ट हाताने सावकाश फिरवला. पाऊण फेरा झाला आणि सीलाच्या ओठाशी मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला. थांबलो की बंद. फिरवला की पुन्हा त्याच जागी.

सील काढलं. बॅटरीच्या उजेडात शाफ्ट चकचकीत दिसत होता, पण नख आडवं ओढलं तर एका जागी अडकलं. ओठ जिथे टेकतो तिथे बारीक खाच पडली होती, आणि तिच्या मागे तंगुसाचे, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोरीचे, दोन वळसे वितळून घट्ट बसलेले. खाडीच्या तोंडाची वाळू आणि तंगूस, दोघांनी मिळून लोखंड खाल्लं होतं. नवी सीलं दोन्ही वेळा नेमकी त्याच खाचेत बसवली गेली होती.

शाफ्ट वाकलेला नाही ना, ते मोजायचं डायल गेज लावून पाहिलं. सरळ होता. खरा इलाज नवा शाफ्ट, पण तो मुंबईहून येईपर्यंत हंगाम संपला असता. कॅरिअरमध्ये, म्हणजे सीलं बसतात त्या घरात, दीड मिलीमीटर जागा होती, म्हणून पाठीला पाठ लावलेली दोन्ही सीलं तेवढी बाहेर घेतली, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर फिरेल. कॅरिअरची ओ-रिंग नवी, दोन्ही वायसर नवे. पुन्हा दहा पौंड, पुन्हा शाफ्ट फिरवला. बुडबुडा नाही. मग हवा उलटी ओढून पाहिली, कारण पाणी आतल्या दिशेनेच येतं. काटा स्थिर राहिला.

नव्वद नंबरचं गिअर ऑईल खालच्या छिद्रातून वर चढवलं, जेमतेम अर्धा लिटर. वरून तेल डोकावल्यावर आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरलंय असं उगाच वाटतं. पैसे घेताना काकांना दोन गोष्टी बजावल्या: पावसाळ्यात नवा शाफ्ट टाकायचा, आणि दर आठवड्याला पंखा काढून मागे बघायचं.

आठ दिवसांनी तपासणीला आले. खालच्या स्क्रूमधून चार थेंब कागदावर घेतले, मधासारखे स्वच्छ. काकांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत तंगुसाचा गुंता होता. "सकाळीच पंखो काढलंय," म्हणाले.