सातशेत अडकलेल्यांसाठी

"काका, सातशेवरच अडकलोय. कुठलं ओपनिंग शिकू?" मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो हे कळल्यापासून सोसायटीतली पोरं, बँकेतले सहकारी, एकदा तर कटिंग करता करता आमचे न्हावीसुद्धा हेच विचारत होते. सातशे म्हणजे ॲपवरचं रेटिंग, जिंकलं की वाढतं, हरलं की घटतं; ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मी सांगलीचा. बुद्धिबळ गावात रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेचं गाव. तिथं राहून दहा मिनिटांच्या डावात सव्वा वर्ष ७२०च्या आसपास लोळणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा न झेपण्यासारखं.

ओपनिंगच शिकलो होतो की मीही! सिसिलियन नावाचं काळ्याचं ओपनिंग, त्यातला नायडॉर्फ हा प्रकार, व्हिडिओ बघून तोंडपाठ. पण नायडॉर्फ व्हायला काळ्याची पाचवी चाल यावी लागते, आणि सातशेवाला तिथवर येतो कशाला? समोरच्यानं प्यादं ई४ घरात ढकललं, मी माझं सी५वर, तर पठ्ठ्यानं दुसऱ्याच चालीला वजीर थेट एच५वर आणला. मला हसू आलं. वजिराला पिटाळायला खुशीत घोडा एफ६वर काढला. वजीर गेलाही, पण पाचव्या रांगेतून सरळ सरकत माझं सी५चं प्यादं खाऊन! ते माऱ्यात होतं हे मला दिसलंच नव्हतं. मी आपला माझ्याच घोड्याच्या कौतुकात.

मग एका रविवारी हरलेले पन्नास डाव पुन्हा लावले आणि वहीत एकेक ओळ लिहिली: काय गेलं, कशानं गेलं. "उंट फुकट." "हत्ती फुकट, लांबचा उंट दिसला नाही." "हत्ती प्यादं खायला वर गेला, राजा तीन प्याद्यांमागे कोंडलेला, शेवटच्या रांगेत मात." एक्केचाळीस डाव या असल्याच कारणांनी गेलेले. ओपनिंगचा दोष कशाला काढू?

तेव्हापासून समोरच्याची चाल झाली की मी हात मांडीखाली घेतो. बायको हसते. त्यानं ही सोंगटी इथं का आणली, आता तिच्या तोंडाशी माझं काय आलं, एवढं बघितल्याशिवाय हात बाहेर नाही. दहा मिनिटांत हे जमत नाही, म्हणून पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असे डाव लावतो. तीन मिनिटांचे डाव म्हणजे तंबाखू, सोडले. रोज बुद्धिबळाची पंधरा-वीस कोडी, लीचेस या वेबसाइटवर फुकट मिळतात, तीही घड्याळ न लावता.

आणि हो, ओळीनं दोन हरलात की मोबाइल ठेवा. एका रात्री "आता हा शेवटचा" करत अकरा डाव हरलो, नव्वदेक पॉइंट गेले, वर सकाळी ऑफिसला उशीर.

आठ महिन्यांत १०४०वर आलोय. शेजारची चौथीतली पोरगी मला अजून सहज हरवते. परवा तिनं माझी वही चाळली आणि विचारलं, "काका, यात 'फुकट' इतक्यांदा का लिहिलंय?"