ओल्ड ट्रॅफर्डची भाऊबंदकी

ऑगस्टात इंग्लिश लीगचा मोसम सुरू झाला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "मँचेस्टर युनायटेडचा इतिहास नीट वाचायचाय, एखादं चांगलं पुस्तक सांग ना." विचारणारा बहुधा रोनाल्डोच्या पायगुणाने या पंथाला लागलेला असतो. १९९९ चा चॅम्पियन्स लीगचा बार्सिलोनातला अंतिम सामना त्याने यूट्यूबवर पाहिलेला असतो, म्युनिकच्या विमानाबद्दल उडत उडत ऐकलेलं असतं, बाकी सगळी पाटी कोरी. आणि त्याला 'एखादं' पुस्तक हवं असतं, म्हणजे एकच. तिथेच आमचं बिनसतं.

क्लबचा इतिहास एका पुस्तकातून वाचणं म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यात एकाच भावाकडे जेवून परत येणं. पाहुणचार झकास होतो, पण बांध कुणी कोरला ते काही कळत नाही. त्यातही क्लबच्या आशीर्वादाने निघालेला गुळगुळीत कागदाचा ठोकळा तर पहिल्या फेरीत घेऊच नये. त्यातले फोटो देखणे असतात, वजनही भरपूर असतं. चषकांना दुहेरी पानं मिळतात, आणि १९७४ साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला ते दीड परिच्छेदात उरकलेलं असतं.

तरी कणा म्हणून एक सलग पुस्तक लागतंच. त्यासाठी मी जिम व्हाइटचं 'मँचेस्टर युनायटेड : द बायोग्राफी' सांगतो. हे २००८ चं पुस्तक. व्हाइट पत्रकार, शिवाय युनायटेडचा चाहता, पण चाहतेपणामुळे त्याची जीभ जड होत नाही. सुरुवात अर्थातच न्यूटन हीथपासून, म्हणजे क्लबच्या मूळ नावापासून. १८७८ मध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी संघ काढला. जर्सी हिरवी आणि सोनेरी, लालचा पत्ताच नव्हता. १९०२ च्या जानेवारीत डोक्यावर २,६७० पौंडांचं कर्ज होतं आणि क्लब मोडीत काढायचा हुकूम निघाला होता.

आणि इथे गोष्टीत कुत्रा येतो. कर्णधार हॅरी स्टॅफर्डचा मेजर नावाचा सेंट बर्नार्ड. आदल्या वर्षी पैसे उभे करायला क्लबने एक बाजार भरवला होता. त्यात हा मेजर वर्गणीचा डबा गळ्यात अडकवून फिरायचा. तिथून तो हरवला आणि फिरत फिरत जॉन हेन्री डेव्हीज या बिअरच्या कारखानदारापर्यंत पोचला. डेव्हीजच्या मुलीला कुत्रा आवडला, कुत्र्यापायी डेव्हीज आणि स्टॅफर्डची गाठ पडली, त्या गाठीतून क्लबला पैसा मिळाला. कुत्रा आधी कुणाला सापडला, मुलीकडे तो नेमका कसा गेला, यावर लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. नव्या नावाचंही तेच. मँचेस्टर सेंट्रल, मँचेस्टर सेल्टिक अशी नावं मागे पडून 'युनायटेड' ठरलं, आणि ते आपणच सुचवलं असं लुई रोका नावाचा गडी पुढे सांगत राहिला. खरं-खोटं मेजरलाच ठाऊक. पण कुत्र्याची गोष्ट गाळणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास बसत नाही. दंतकथा गाळणारा लेखक आणखीही काही गाळत असणार.

उदाहरणार्थ, १९१५ चा गुड फ्रायडे. त्या दिवशी युनायटेडने लिव्हरपूलला २-० हरवलं आणि त्या गुणांच्या जोरावर खालच्या श्रेणीत जाणं टाळलं. मागाहून निघालं की सामना आधीच ठरवलेला होता, खेळाडूंनी त्यावर पैजा लावल्या होत्या. दोन्ही संघांचे मिळून सात खेळाडू जन्माचे बाद झाले. त्यातला एक सँडी टर्नबुल, १९०९ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एकुलता एक गोल करणारा. तो १९१७ मध्ये फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत मारला गेला. त्याच वर्षी, त्याच लढाईत स्कॉटलंडचा एक खाणकामगार गोळी लागून पडला. त्याच्या सात वर्षांच्या मुलाचं नाव मॅट बझ्बी, पुढे युनायटेडचा मॅनेजर झालेला. हा योगायोग मला दोन पुस्तकं शेजारी ठेवल्यावर दिसला. एकच वाचलं असतं तर राहून गेला असता.

बझ्बीसाठी एमन डन्फीचं 'अ स्ट्रेंज काइंड ऑफ ग्लोरी', १९९१ मधलं. हे मात्र वाचाच. डन्फी डब्लिनहून पोरवयात ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर, शिकाऊ म्हणून आला, पहिल्या संघात एकही सामना न मिळता बाहेर पडला आणि बरीच वर्षं मिलवॉलसारख्या संघाकडून खेळला. म्हणजे त्याने हे घर आतून पाहिलंय, आणि दिवाणखान्यातून नव्हे, मागच्या दाराने. त्यामुळे त्याच्या पुस्तकातला बझ्बी देवघरातला नाही. प्रेमळ आहे, कावेबाज आहे, आणि पगाराचा विषय निघाला की चिकट आहे. पुतळ्याखाली हे तिन्ही मावत नाही.

मग म्युनिक. ६ फेब्रुवारी १९५८. आदल्या दिवशी बेलग्रेडला रेड स्टारशी ३-३ बरोबरी करून परतणारं विमान तेल भरायला म्युनिकला थांबलं होतं. धावपट्टीवर बर्फाचा चिखल झालेला, उड्डाणाचा तिसरा प्रयत्न फसला आणि एकूण २३ माणसं गेली. त्यांत आठ खेळाडू, आणि आठ पत्रकार. पत्रकारांचा आकडा आपल्या लक्षात राहत नाही, कारण त्यांचे पोस्टर निघत नाहीत. त्यातला फ्रँक स्विफ्ट तर मँचेस्टर सिटीचा आणि इंग्लंडचा जुना गोलरक्षक, बझ्बीबरोबर सिटीत खेळलेला. विमानातल्या क्रीडा-बातमीदारांपैकी एकटा वाचला तो 'न्यूज क्रॉनिकल'चा फ्रँक टेलर. त्याने लिहिलेलं 'द डे अ टीम डाइड' हे सहकाऱ्यांचं पुस्तक आहे, नायकांचं नाही. वैमानिक जेम्स थेनवर जर्मन चौकशीने पंखावरच्या बर्फाचा ठपका ठेवला. तो पुसून निघायला पुढची दहाएक वर्षं गेली, तोवर त्याची नोकरीही गेली होती.

टेलरच्या लगोलग जेफ कॉनरचं 'द लॉस्ट बेब्ज' घ्यावं, २००६ चं. कॉनर विचारतो, अपघातानंतर क्लबने या घरांसाठी केलं काय? उत्तर वाचताना घास अडकतो. जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचला, पण पुन्हा खेळू शकला नाही, आणि त्याला क्लबच्या मालकीचं राहतं घर सोडावं लागलं. वाचलेल्यांसाठी आणि गेलेल्यांच्या घरच्यांसाठी मदतीचा सामना व्हायला १९९८ उजाडलं. चाळीस वर्षं! तोही एरिक कँटोनाच्या निरोपाला जोडून. दर फेब्रुवारीत काळी फीत बांधणाऱ्या प्रत्येक चाहत्याने हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं. फीत सोडू नये, पण वाचावं.

खरी मजा मात्र मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि त्याचा कर्णधार रॉय कीन यांच्या चार पुस्तकांत आहे. ती ओळीनेच वाचायची. पहिलं फर्ग्युसनचं 'मॅनेजिंग माय लाइफ', १९९९ चं. त्यात कीन म्हणजे हनुमान. तुरिनला युव्हेंटसविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पिवळं कार्ड मिळून आपला अंतिम सामना हुकला हे कळूनही तो ज्या निःस्वार्थीपणे खेळला, त्याचं साहेबांना कौतुक किती करू असं झालेलं. दुसरं कीनचं आत्मचरित्र, २००२ चं. लेखनिक कोण, तर आपले डन्फी! एर्लिंग हालंडच्या वडलांना २००१ मध्ये मुद्दाम तुडवल्याचं वर्णन त्यात इतकं खणखणीत आलं की फुटबॉल संघटनेने कीनला पाच सामने बाहेर बसवलं आणि दीड लाख पौंड दंड केला. शब्द आपण आपल्या पद्धतीने मांडले होते, असं डन्फीने मग सांगितलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, आणि दंड दुसऱ्याच्या खिशातून.

पुढे २००५ च्या नोव्हेंबरात कीन आणि क्लब यांची काडीमोड झाली. क्लबच्याच वाहिनीला मुलाखत देताना कीनने सहकाऱ्यांची सालटी काढली होती. ती मुलाखत दाखवलीच नाही, पण फर्ग्युसनने खेळाडूंना आपल्या खोलीत बसवून टेप लावली. २०१३ च्या 'माय ऑटोबायोग्राफी'त ती टेप म्हणजे महाभयंकर प्रकार आहे, आणि कीनच्या अंगातला सगळ्यात कठीण अवयव म्हणजे त्याची जीभ, असा शेरा आहे. वर्षभरात कीनचं 'द सेकंड हाफ' आलं, या वेळी हाताशी रॉडी डॉइल, डब्लिनचाच कादंबरीकार. त्यात तीच खोली, तीच टेप, तेच खेळाडू, आणि कुणालाच काही खटकलेलं नाही. माझं मत विचाराल तर निर्णय फर्ग्युसनचा बरोबर होता आणि पुस्तक कीनचं जास्त चांगलं आहे. साहेब निकाल सांगतात. कीनला स्वतःचा राग येतो, तो पानावर दिसतो, आणि मध्येच तो फर्मास विनोदी होतो.

अशा दोन बाजू ऐकायची सवय कोल्हापूरकरांना उपजत असते. तिथे तालीम मंडळांचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांचा इतिहास तिथे कट्ट्यावर चालतो. वीस वर्षांपूर्वीच्या गोलावर एक म्हातारा म्हणणार, "ऑफसाइड न्हवता त्यो," आणि दुसरा चहाची बशी खाली ठेवून उठणार. ही दोन्ही माणसं आहेत तोवर कुणी तरी लिहून घ्यायला हवं, आणि एकाच पेठेतल्या माणसाने नको.

युनायटेडच्या कपाटात मात्र एक जागा अजून रिकामी आहे. २०१० च्या सुमारास ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकांत एकाएकी हिरव्या-सोनेरी मफलरी दिसू लागल्या. न्यूटन हीथ माहीत नसेल तर त्यातला टोमणा कळत नाही. हा राग होता २००५ मध्ये क्लब विकत घेणाऱ्या ग्लेझर कुटुंबावर. त्यांनी बरीचशी खरेदी कर्ज काढून केली आणि ते कोट्यवधी पौंडांचं ओझं क्लबच्याच नावावर टाकलं. ज्या क्लबला २,६७० पौंडांपायी कुलूप लागत होतं, त्या क्लबवर! काही चाहते इतके भडकले की त्यांनी वेगळा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. त्यांची बाजू ठिकठिकाणी छापून आली आहे. ग्लेझरांपैकी कुणी मात्र आत्मचरित्र लिहिलेलं नाही. लिहिलं तर पहिल्या दिवशी घेईन, आणि तेही उधारीवर.