ओला हिरडा

"वाळवला तर भाव जास्ती येतो ओ, पण घरात मीठ-तेल आज लागतंय."

जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात काल एक मावशी बोलून गेल्या. व्यापाऱ्याच्या काट्यावर त्यांचा ओला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं औषधी फळ, होता.

फळ कोवळं असतानाच उतरवायचं, फांदी मोडू द्यायची नाही, काळंभोर होईस्तोवर उन्हात घालायचं. सगळं त्यांना येतं. अडतं ते फक्त वाळायच्या दिवसांशी!

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे हिरड्यासारख्या लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालावर, त्यांची मालकी मान्य केली. थांबायची ऐपत मात्र कायद्यातून येत नाही. ती गावची सहकारी संस्था देऊ शकते: माल ठेवून घ्यायचा, थोडे पैसे लगेच हातात द्यायचे, उरलेले विक्रीनंतर. रास्त व्यापार मला तरी एवढाच कळतो.

तुमच्या भागात अशी नीट चालणारी संस्था आहे का?