वरळीचा खांब आणि झीलंडचे दरवाजे

संवर्धन आणि शाश्वत विकास हा विषय शिकण्यासाठी कर्ज काढून नेदरलँड्सला जायची काय गरज होती, हा प्रश्न मला परत आल्यापासून अनेकांनी विचारला. पण ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षे मासे घेतो, त्या कोळीवाड्यातल्या मावशींनी तो जितक्या थेटपणे विचारला, तितका कोणीच विचारला नाही. "समुद्र तर हितंच हाय ना ताई, तिकडचं पानी काय वेगलं असतं?" मी तेव्हा हसून पापलेटचा भाव विचारला आणि विषय टाळला. त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर इथे लिहिते आहे.

मी वाढले ती वरळीच्या बीडीडी चाळीत. २०२१ साली ज्या विद्यापीठात गेले, त्या गावाचे नाव आपण वागेनिंगेन असे वाचतो, तर तिथले लोक त्यातल्या 'ग'चा घशातून 'ख' करतात, आणि तो 'ख' मला दोन वर्षांत नीट जमला नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम २ वर्षांचा आणि १२० क्रेडिट्सचा असतो. गुण १० पैकी मिळतात, त्यांपैकी ८ मिळाले तर मित्र पार्टी मागतात आणि १० मिळालेला विद्यार्थी मी तरी पाहिला नाही. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क तिथल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पट भरावे लागते आणि राहायला खोली मिळवणे हे प्रवेश मिळवण्याहून अवघड असते. या गोष्टींवर बरेच लिहिले गेले आहे, त्यामुळे त्या इथेच सोडते.

पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्या शहरातला विकास आणि निसर्ग यांच्यातला एक संघर्ष वर्गासमोर मांडायचा होता. मी अर्थातच कोस्टल रोड निवडला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीच्या सी लिंकपर्यंतचा १०.५८ किलोमीटरचा रस्ता, समुद्रातला भराव, खडकाळ किनाऱ्यावरचे प्रवाळ, न्यायालयातली प्रकरणे, असे सगळे नकाशांसह नीटनेटके मांडले. शेवटी प्राध्यापिकेने एकच प्रश्न विचारला: वरळीच्या कोळीवाड्यातल्या होड्या पहाटे किती वाजता बाहेर पडतात? मला उत्तर देता आले नाही. ज्या वस्तीत चालत जाता येते, तिथे मी मासे आणण्यापलीकडे कधी काही केले नव्हते, आणि तिच्याविषयी बोलण्यासाठी मात्र विमानाने नऊ तास दूर येऊन उभी राहिले होते.

पुढच्या वसंतात आम्हाला झीलंड प्रांतात ओस्टरस्खेल्डे या खाडीवर नेण्यात आले, आणि मावशींना द्यायचे उत्तर खरे तर तिथून सुरू होते. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राला वादळी उधाण आले, बांध फुटले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली. २६ जुलै २००५ हा दिवस जसा मुंबईत तारखेनिशी बोलला जातो, तशी ती रात्र तिथल्या घराघरांत बोलली जाते. त्यानंतर सरकारने खाड्यांची तोंडे एकामागून एक बंद करण्याची प्रचंड योजना हाती घेतली. ओस्टरस्खेल्डेचे सुमारे ९ किलोमीटरचे मुखही पक्क्या धरणाने कायमचे बुजवायचे ठरले होते आणि काम बरेच पुढे गेले होते. धरण पूर्ण झाले असते, तर आतले खारे पाणी गोडे झाले असते, भरती-ओहोटी थांबली असती आणि यर्सेके या गावची कालवे (ऑयस्टर) आणि शिनाणे (मसल्स) ही शिंपल्यांतली मासळी संपली असती.

यर्सेकेच्या मच्छीमारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी मिळून विरोध केला. बुडून मेलेल्यांची आठवण ताजी असताना धरणाला विरोध करणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना मुंबईकराला करता येईल. अखेर १९७४ मध्ये सरकारने आराखडा बदलला आणि उरलेल्या भागात भिंतीऐवजी महाकाय खांब रोवून त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दरवाजे बसवले. हे दरवाजे एरवी उघडे असतात आणि पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा ३ मीटर चढण्याचा अंदाज असेल तेव्हाच खाली सोडले जातात. १९८६ साली तो बांध पूर्ण झाला. खर्च मूळ धरणापेक्षा फार अधिक झाला, आणि तो सगळा प्रामुख्याने भरती आत येत राहावी म्हणून केलेला होता. आम्ही त्या बांधावर उभे होतो तेव्हा ओहोटी लागली होती. दरवाज्यांखालून पाणी घोंघावत समुद्राकडे धावत होते आणि बोलणे ऐकू येत नव्हते.

त्या गर्जनेत मला वरळीचा बांध आठवला. मुंबईही भरावावरच उभी आहे. अठराव्या शतकात वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खाडी बुजवताना भिंत पुनःपुन्हा कोसळत असे आणि समुद्रातून देवीच्या मूर्ती काढून तिचे देऊळ बांधल्यावरच ती टिकली, ही आख्यायिका आमच्याकडे आजी सांगायची. पाणी अडवायचे तर आधी कुणाची तरी परवानगी घ्यावी लागते, एवढे तरी त्या गोष्टीला कळले होते, असे मला त्या बांधावर वाटले. प्राध्यापिकेला मात्र मी हे सांगितले नाही.

पण त्या सहलीचा दुसरा दिवस मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दिवशी पाहिलेली तडजोड आदर्श म्हणून वहीत उतरवून आम्ही खुशीत होतो, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला खाडीच्या आतल्या वाळूच्या सपाट पट्ट्यांवर चालायला नेले. बांधामुळे पाण्याचा वेग कमी झाला आहे. त्यामुळे वादळात पट्ट्यांवरून प्रवाहाच्या खोल वाटांमध्ये गेलेली वाळू पुन्हा वर आणून टाकण्याइतका जोर भरतीत उरलेला नाही, आणि ओहोटीला उघडे पडणारे हे पट्टे वर्षानुवर्षे झिजत चालले आहेत. डच भाषेत याला वाळूची भूक म्हणतात. पट्टे बुडाले तर तिथे चरणारे पक्षीही जातील, म्हणून काही ठिकाणी बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. म्हणजे दरवाजे उघडे ठेवूनही हिशेब चुकता झालेला नाही. तो पुढच्या पिढीच्या वहीत गेला आहे. शाश्वत विकासाची संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, मी पदवीपासून पाठ म्हणत आले होते. तिचा अर्थ मला गुडघाभर चिखलात उभी असताना कळला.

माझ्या प्रबंधासाठी मी यर्सेकेच्या मच्छीमारांशी बोलले. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, जी वर्गात कोणी सांगितली नव्हती. तिथली शिनाणे पाण्याखालच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांवर वाढवली जातात, ते तुकडे सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळतात आणि नकाशावर आखलेले असतात. विरोध करताना त्यांच्या हातात कागद होता. वरळीच्या कोळ्यांकडे खडक, प्रवाह आणि वाटा यांची पिढ्यांची माहिती आहे, पण पाण्याचा सातबारा नाही. त्यामुळे आपण इथे मासेमारी करतो, हे सिद्ध करण्यापासून त्यांची लढाई सुरू होते. डच लोक आपल्यापेक्षा समजूतदार आहेत म्हणून तिथे दरवाजे झाले, असे मानणाऱ्यांत मी नाही. त्यांच्याकडे पैसा होता आणि कागद होता.

तरीही वरळीत काहीच घडले नाही असे नाही. मी दुसऱ्या वर्षात असताना, डिसेंबर २०२२ मध्ये, बातमी आली की वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदराजवळ कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर ठेवण्याचे सरकारने मान्य केले. कोळ्यांची मागणी त्याहून अधिक अंतराची होती, आणि त्यासाठी त्यांनी समुद्रात होड्या आडव्या घालून काम रोखले होते. आंदोलनाआधी अभियंत्यांना ६० मीटर पुरेसे वाटत होते, कारण होडीची रुंदी त्यांनी मोजली होती. वाऱ्यात आणि प्रवाहात होडी सरळ रेषेत जात नाही, हे कोळ्यांनी सांगितले. मधला एक खांब गेला आणि २०२४ मध्ये तिथे कमानीचे प्रचंड पोलादी गर्डर चढले. लोक आता त्या कमानींचे फोटो काढतात. त्या कमानी तिथे का आहेत, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असते.

परत आल्यावर मी पहिल्यांदा कोळीवाड्यात मासे न घेता गेले. मावशींच्या थोरल्या दिरांनी मला पहिल्याच दिवशी भरतीची वेळ काढायला शिकवले: जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. झीलंडमध्ये आम्ही यासाठी छापील तक्ते वापरत होतो. त्यांना मी वाळूच्या भुकेविषयी सांगितले, तेव्हा त्यांना त्याचे अजिबात नवल वाटले नाही. खांब उभे राहिल्यापासून त्यांच्या पायथ्याशी पाणी कसे वळते आणि गाळ कुठे बसतो, हे ते रोज होडीतून पाहत आहेत. मी ते नोंदवून ठेवू का, असे विचारल्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, "अमावास्येला ये, सांजच्याला सहाच्या सुमारास. उधाणाची ओहोटी असते. तवा तळ दिसतो."

वही, दोरी आणि मोजपट्टी घेऊन मी गेले. होड्या किती वाजता बाहेर पडतात, हे मी त्याच दिवशी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की ते तिथीवर असते.